हजर राहील त्याला मानधन

३ नोव्हें., सोम.
पार्षदांचं, म्हणजे इकडच्या नगरसेवकांचं, मानधन किती वाढवायचं ते ठरवणाऱ्या समितीची आज पहिली बैठक. नागरिकांच्या वतीने मी. बँकेतून रिटायर झालेली बाई फुकटात मिळते ना. म्हणणं ऐकायला तिघा पार्षदांना बोलावलं होतं. त्यातल्या किरणच्या जागी तिचा नवरा हजर! कडक इस्त्रीचा कुर्ता, दोन मोबाईल. "हम पार्षद पति हैं, एक ही बात है।" अध्यक्षांनी त्याला वर चहा पाजला. माझं टाळकंच सरकलं. इथे मानधनाला मानदेय म्हणतात. मान कुणाचा आणि देय कुणाला, असं विचारलं तर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

७ नोव्हें., शुक्र.
दुसरी बैठक. इतर शहरांचे तक्ते, महागाई, पेट्रोल, लोकांना पाजलेला चहा. तासभर ऐकलं, मग माझी सूचना मांडली. महिन्याचं ठरावीक मानधन बंद. सभेला स्वतः येऊन सही करील त्यालाच त्या सभेपुरता भत्ता. नवऱ्याची सही चालणार नाही. बसा म्हणावं आता दोन मोबाईल घेऊन. अध्यक्ष खूश, "मैडम, एकदम टाइट है।" येताना विकास नगरच्या बाजारात मटार घेतले, भैयाशी घासाघीसही केली नाही.

११ नोव्हें., मंगळ.
दुपारी किरण घरी आली. तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला. "पाँच मिनट हैं हमारे पास, दर्ज़ी के यहाँ बोलकर निकले हैं।" तिशीची असेल. मी घुश्शातच होते, बसही म्हटलं नाही. सभेला का येत नाही, विचारलं.
"आने कौन देता है?"
मग भडाभडा बोलली. मानदेय तिच्या खात्यात जमा होतं. नवरा अर्धं काढायला लावतो, उरलेलं तिला राहतं, मुलीच्या फीसाठी. "जीते हम, नाम उनका। एक वही पैसा हमारा था, आपने वो भी काट दिया।"
हे लिहून द्या, म्हटलं. तिने असं बघितलं माझ्याकडे! पाणीही न घेता गेली.
बँकेत अशा किती स्लिपा पास केल्या. बाई बाकावर, नोटा मोजतोय नवरा. सही जुळली की माझं काम संपायचं. स्वतःचीच चीड आली. धडा शिकवायचा होता त्याला, आणि...

१४ नोव्हें., शुक्र.
अध्यक्षांना फोन केला, माझी सूचना काढा. "अच्छा? पर प्रस्ताव तो आप ही का है।" लेखी कारण हवं म्हणे. शिवाय 'पार्षद पति' येऊन भेटून गेलाय, त्याची काहीच हरकत नाही. सभेला बायकोला तो स्वतः आणेल, सही करवून घरी सोडेल. भत्ता फक्त तिथल्या तिथे रोख मिळावा. अध्यक्षांना हे फार सोयीचं वाटतंय. मेला बिलंदर!
मुलगी म्हणाली, "आई, आपको क्या पड़ी है? साइन कर दीजिए, छुट्टी।" ओरडलेच तिच्यावर. तर चक्क मराठीत "बरं" म्हणाली.

१७ नोव्हें., सोम.
उद्या अकराला अंतिम सह्या. वेगळं मत लिहायला बसले. 'मी माझी सूचना मागे घेते.' एवढं झालं. पुढे कारण. एका महिला पार्षदाने सांगितलं असं नुसतं लिहिलं तरी कोण ते शेंबडं पोरही ओळखेल, बायकोच्या जागी आलेला नवरा तो एकच. कारण नाही दिलं तर माझा कागद केराच्या टोपलीत आणि भत्ता रोख त्याच्या खिशात.
तिला विचारल्याशिवाय कसं लिहू? संध्याकाळी समितीच्या यादीत तिच्या नावासमोरचा नंबर फिरवला.
"हाँ, पार्षद बोल रहे हैं।" नवरा.
म्हटलं, पार्षदांना द्या फोन.
"हम ही हैं। अरे, बैंक वाली मैडम! हमारे यहाँ से कोई आया था क्या आपके पास?"
नाही म्हटलं. जरा जास्तच पटकन म्हटलं. तो "अच्छा" म्हणाला आणि फोन ठेवला.
तिचं काय होईल आता? कारणाची जागा अजून कोरी आहे.