बोट लागू नये म्हणून

॥ श्री ॥

परळ, मुंबई
ता. २० नोव्हेंबर १९६०

ती. गं. भा. मैनावहिनींच्या पायांवर विमलचे डोके. वि. वि. आम्ही चौघे खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे ते तुम्ही आपणहून कधी लिहीत नाही, म्हणून दरवेळी विचारावे लागते.

बातमी अशी की नाताळच्या सुट्टीत आम्ही बोटीने रत्नागिरीला जाणार आहोत. यांच्या कचेरीतल्या स्नेह्याचे तिथे घर आहे. आमच्यापैकी कोणीच कधी बोटीत पाय ठेवलेला नाही. पोरांनी तर आतापासून खाटेची बोट केली आहे. धाकटा तिच्यावर उभा राहून शिट्टी वाजवतो आणि थोरली खालून ओकल्याचे सोंग करते.

मला खरी काळजी यांची आहे. आमच्या लग्नाला वणीहून येताना या नवरदेवाने तीनदा मोटार थांबवली होती आणि मुलगा आजारी आहे काय, असे बाबांनी व्याह्यांना तोंडावर विचारले होते, ते तुम्हाला आठवत असेल. मोटारीत ही गत, तर बोटीत काय होईल? चाळीतली एक बाई म्हणते उपाशी जा, दुसरी म्हणते पोटभर जेवून जा, तिसरी म्हणते कांदा फोडून हुंगत बसा. तिघींचे ऐकले तर आम्ही धक्क्यावरच आजारी पडू. तुमच्याजवळ काही औषध असेल तर लिहा.

आणि वहिनी, तुम्हीही चला. कळंब सोडून तुम्ही कुठे गेला नाहीत. बबनभाऊ तुम्हाला बडनेऱ्यापर्यंत आणून गाडीत बसवून देईल. एकदा समुद्र पाहा.

लहानपणी केली तशीच माया असू द्या.

तुमची
विमल

---

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥

कळंब, जि. यवतमाळ
ता. २८ नोव्हेंबर १९६०

चि. सौ. विमलबाईस मैनावहिनीचा आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचले. कंबर जशी होती तशी आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. बबनभाऊजी दिवसभर शेतात असतात, घरात मी आणि मांजर.

बोटीवर मी येत नाही. मला ती लागेल म्हणून नाही. सतरा वर्षांमागे लढाईच्या बोटीवर तुझा दादा आजारी पडून गेला आणि देह तिथेच पाण्यात सोडला, एवढेच तारेत होते. आपण इथे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी दिला. ते पाणी मी हौसेने पाहायला येणार नाही. तुम्ही जा. तुमच्या जाण्याचा मला राग नाही, पोरांची हौस व्हावी.

औषध विचारलेस ते सांगते. उपाशी जाऊ नये आणि तुडुंबही जेवू नये. ज्वारीची कोरडी भाकर मिठाशी खाऊन निघावे. तेलाचे, तुपाचे काही नको. बोटीच्या टोकाला बसू नये, मधोमध जागा धरून पाठीवर निजावे. बसलेच तर नजर लांब ठेवावी, जवळच्या पाण्याकडे पाहू नये. आणि दर थोड्या वेळाने तोंडात आवळकाठी धरावी, चावू नये.

ती मी करून पाठवते. तांड्यावरच्या भुरीबाईने परवा टोपलीभर रानआवळा आणून टाकला. कोणासाठी म्हणून तिने विचारले, मी सांगितले. ती म्हणाली की जमिनीवर जागा कमी पडली काय, पाण्यावर कायले चालले हे लोक. तिच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर नेले, पण पाणी लागले की उतार पाहूनच ओलांडले, असे ती सांगत होती. आवळे वाफवून, फोडी करून, मीठ आणि सुंठ लावून माळवदावर घातले आहेत. आठ दिवसांत कडक होतील.

बोटीच्या मधोमध निजावे हे मला कुठून ठाऊक, असे तुला वाटेल. वाटले तर विचार.

पोरांना सांभाळ. माझी आठवण तुझ्या घरात असते तशी राहू दे.

मैनाबाई

---

परळ, मुंबई
ता. ५ डिसेंबर १९६०

ती. मैनावहिनींस विमलचा नमस्कार. वि. वि. तुमचे औषध मी चाळीत सगळ्यांना वाचून दाखवले. यांनी भाकरीचे मान्य केले, पण पाठीवर निजून समुद्र कसा पाहायचा, असे विचारतात.

आवळकाठीसाठी तुम्ही एवढा त्रास घेऊ नका. इथे लिंबू मिळते, सुंठ मिळते. तुमची कंबर धरलेली आणि तुम्ही माळवदाची शिडी चढता, हे मला आवडले नाही.

मधोमध निजायचे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचले असेल. आता तुम्ही माझ्याहून जास्त वाचता असे बबनभाऊ लिहितो. मी इथे आल्यापासून वर्तमानपत्राचा कागदसुद्धा हातात धरत नाही.

घाईत लिहिते आहे. दूध उतू जाते. लोभ कमी करू नये.

विमल

---

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥

कळंब
ता. ११ डिसेंबर १९६०

चि. सौ. विमलबाईस आशीर्वाद. वि. वि. तू विचारले नाहीस, म्हणून मी आपणहून सांगते. हे वाचून झाल्यावरच दूध वर ठेव.

पुस्तकात वाचले नाही. तुझ्या दादाच्या पत्रात वाचले.

मी वाचायला कशी शिकले ते तुला माहीत आहे, पण सगळे माहीत नाही. तुझे लग्न झाले तेव्हा तुझी पहिलीची अंकलिपी फळीवर राहिली होती. तिच्यातून अक्षरे ओळखू आली, पण अक्षराला अक्षर जोडता येईना. मग मी पेटीतली दादाची पत्रे काढली. बबनभाऊजी लहान होते, घरात तेव्हा तुला एकटीलाच वाचता येत होते. तू बारा वर्षांची होतीस. दळताना, निवडताना मी म्हणायची की विमल, ते पुन्हा वाच, आणि तू वाचायचीस. तशी सहाही पत्रे मला पाठ झाली होती. पाठ असलेला शब्द तोंडाने म्हणायचा आणि कागदावर बोट पुढे सरकवायचे, अशी मी शिकले. असे शिकणे फार लवकर होते.

पाचवे पत्र मिसर देशातल्या छावणीतून आले होते. त्याच्यात शेवटाला आले तेव्हा मला पाठ होते ते संपले आणि कागद संपला नाही. चार ओळी उरल्या. माझेच बोट चुकले असे वाटून मी पहिल्यापासून पुन्हा धरले. तीनदा धरले. चार ओळी उरल्याच. मग त्या मी पाठ नसताना वाचल्या. माझ्या जन्मात मी स्वतः वाचलेले पहिले तेच. त्या खाली उतरून काढते:

"येताना बोट लै लागली. पोटात काही ठरत नाही, पाणीबी नाही. मधोमध निजलं का थोडं बरं वाटते. मैनाले सांग, तिची माय करते तशी मीठसुंठीची आवळकाठी करून धाड. महिन्याभरानं आमाले पुन्हा बोटीत चढवणार हाय, त्याच्या आधी पोचली पाह्यजे."

पुढच्या बोटीवर ते गेले. औषध मागितले होते आणि मला ते ऐकूच आले नाही. माझ्या घरात त्या वर्षी आवळा होता, विमल. बरणी भरलेली होती.

हे मला कळून दहा वर्षे झाली. तू माहेरी आलीस, बाळंतपणाला राहिलीस, तुझे डोके मी न्हाणले, पण विचारले नाही. तू औषध विचारलेस नसते तर आताही लिहिले नसते. त्या ओळी कोणी गाळल्या, तू की तुझ्या बाबांनी, मामाजींनी, ते मला विचारायचे नाही. मामाजी आता नाहीत आणि तू तेव्हा पोर होतीस.

मला एकच हवे आहे. दर वर्षी या महिन्यात मी आवळकाठी करून बरणी भरते आणि कोणाला देत नाही. ती पहिल्यांदा तुझ्याकडे पाठवते आहे. बबनभाऊजी उद्या कापसाच्या गाड्या घेऊन यवतमाळला जातात, ते पार्सल टाकतील. ती बोटीवर खा. आणि तिने गुण आला की नाही ते मला खरे लिही. बरे वाटावे म्हणून लिहू नको. ते बारा वर्षांच्या पोरीला चालले, आता चालणार नाही.

पोरांना थंडीत कानटोप्या घाल. समुद्रावर वारा असतो असे पत्रांत आहे.

राग धरून लिहिलेले नाही, असे समजून वाच.

मैनाबाई

---

परळ, मुंबई
ता. २ जानेवारी १९६१

ती. गं. भा. मैनावहिनींच्या चरणी विमलचा दंडवत. वि. वि. तुमचे पत्र आले त्या दिवशी दूध वर ठेवलेच नाही. उत्तर लिहायला तीनदा बसले आणि मग ठरवले की बोटीवरून आल्याशिवाय लिहायचे नाही.

तुम्हाला विचारायचे नाही, पण मला सांगायचे आहे. ते पत्र डाकवाल्याने बाबांच्या हाती खळ्यात दिले. मी तिथेच वाचून दाखवले. बाबा म्हणाले की फौज काय औषध देत नाही काय, आवळे कायले धाडायचे, ती पोरगी रडून रडून खाणं सोडन, हे तिले वाचू नको. मी वाचले नाही. दोन महिन्यांनी तार आली. मग तुम्ही ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायला सांगायच्या आणि मला दरवेळी त्याच जागी थांबावे लागायचे. पुढे पुढे जीभ तिथे आपोआप थांबायची. तुमच्याकडे औषध मागितले त्या पत्रातही आवळकाठीचे नाव मी लिहिले नाही. हात त्याच जागी थांबला. तुम्ही वाचायला शिकल्याचे बबनभाऊने कळवले, त्या दिवसापासून मी तुमच्या प्रत्येक पत्राला भीत आले आहे.

आता बोटीचे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे कोरडी भाकर खाऊन निघालो. समुद्र अगदी शांत होता. खलाशी म्हणत होते की एवढे निवळ पाणी वर्षातून थोडेच दिवस असते. आम्ही खालच्या मजल्यावर मधोमध सतरंजी पसरली. धाकट्याने आवळकाठी थुंकून टाकली आणि त्याला काही झाले नाही. थोरलीने दोन फोडी खाल्ल्या, तिलाही काही झाले नाही. ज्यांची काळजी होती त्यांनी एकही फोड खाल्ली नाही, वर जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले आणि दुपारी भूक लागली म्हणून खाली आले.

मला लागली. धक्का दिसेनासा झाला तेव्हापासून लागली. मी अर्धी पुडी संपवली असेल, वहिनी. एक फोड तोंडात धरायची, ती उलटून पडायची, दुसरी धरायची. मधोमध निजले, डोळे मिटले, लांब पाहिले. पाणी ठरले नाही. रत्नागिरीला बोटीतून किनाऱ्याच्या होडीत, पडावात, उतरताना दोघांनी मला पोत्यासारखे धरून दिले. परत येताना पुन्हा तेच झाले. तुमच्या आवळकाठीने गुण आला नाही.

हे लिहायचे की नाही, यात चार दिवस गेले. गुण आला असे लिहिले तर तुम्ही जन्मभर म्हणणार की ती पोचली असती तर ते वाचले असते. गुण आला नाही असे लिहिले तर विमल आपली मान सोडवून घेते, असे दिसणार. दोन्हीकडून मी तीच पोर. म्हणून जे झाले तेवढेच लिहिले. खोटे वाटले तर यांना वेगळे पत्र घालून विचारा.

आणखी एक सांगते. बोटीवर पडल्या पडल्या दादाच्या त्या चार ओळी मनात म्हणत होते. पोटात काही ठरत नाही, एवढेच त्याने लिहिले आहे. माझा तो एक दिवस होता, पाणी थाळीत ठेवल्यासारखे होते, आणि मला वाटत होते की कोणीतरी मला उचलून कठड्यापलीकडे टाकून द्यावे. त्याचे किती दिवस होते आणि पाणी कसे होते, कोण जाणे. वहिनी, त्यानेही आपल्याला अर्धेच सांगितले होते.

यापुढे माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मागत नाही.

विमल

---

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥

कळंब, जि. यवतमाळ
ता. १० जानेवारी १९६१

चि. सौ. विमलबाईस मैनावहिनीचा आशीर्वाद. वि. वि. पत्र परवा आले. यांना विचारा म्हणालीस ते विचारणार नाही. तू लिहिलेस ते खरे आहे. सदाशिवराव भूक लागून खाली आले, हे कोणी खोटे रचणार नाही.

तर आवळकाठीने काही होत नव्हते. दहा वर्षे मी दर हिवाळ्यात ती वाळवत होते आणि मनात ती दर वर्षी वेळेवर पोचत होती. आता पोचूनही उपयोग नाही, असे झाले. बरे वाटले असे लिहीन तर मीही तुझ्यासारखे अर्धे लिहिले असे होईल. बरे वाटले नाही. मामाजींवर राग होता, थोडा तुझ्यावर होता. तो होता तोवर घरात कोणीतरी असल्यासारखे होते. काल माळवदावर गेले, आवळे वाळवायची चाळणी पालथी घालून खाली आले. पुढल्या वर्षी भुरीबाईला आवळे आणू नको असे सांगेन. ती काहून म्हणून विचारील. तेव्हा पाहू.

आता तू बोटीचे नाव काढू नको, आणि अंगात रक्त नाही असे दिसते, तर गूळ-शेंगदाणे खात जा. संक्रांतीला थोरलीला नवे परकर-पोलके शिव.

उन्हाळ्यात पोरांना घेऊन ये. पाचवे पत्र पेटीत जिथे होते तिथेच आहे. मला आता सगळे वाचता येते, पण त्यांचे बोलणे मी सतरा वर्षे मनात तुझ्याच आवाजात ऐकत आले. त्या चार ओळी मी नुसत्या पाहिल्या आहेत, ऐकल्या नाहीत. तू आलीस की दळणाजवळ बस आणि ते पत्र पहिल्यापासून वाच. थांबायचे तिथे थांबू नको.

वाट पाहते. लोभाचे विचारलेस, तो मी ठरवून ठेवला नव्हता आणि ठरवून काढणारही नाही.

मैनाबाई