म्हशीचा ढेकर आणि माडीवरचा एसी

कोल्हापूर, सोमवार

चि. नंदिनी,

ताईचे आशीर्वाद. वसंतरावांच्या गुडघ्याला उतार पडला असेल असे धरून चालते. (नसेल तर त्यांचे जिना चढणे आजपासून बंद कर. नुसते तेल चोळून गुडघा नवा होत नाही.) आम्ही सगळे खुशाल आहोत, पृथ्वी मात्र आमच्यामुळे खुशाल नाही, हे नुकतेच कळले.

टाळेबंदीत आमचा राजवीर पुण्याहून दोन शर्ट घेऊन आला, तो अजून आमच्या माडीवर बसून कंपनीचे काम करतो. (तो वर चालला की खाली फडताळातल्या कपबश्या वाजतात. सवय झाली आहे.) आता कंपनीने कळवले आहे की, घरून काम केल्याने ज्याच्या घरचा कार्बन घटला असेल त्याने घरी राहावे, बाकीच्यांनी पुण्यात हजर व्हावे. मी म्हटले, एवढेच ना? पोराची गाडी उभी, ऑफिसचे जाणे-येणे बंद, आपण तर ऋषिमुनीच! टाळेबंदीत आमच्या गच्चीवरून पन्हाळ्याचा डोंगर इतका लख्ख दिसला होता की हात लांबवून कडा पुसावा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन चाळीस वर्षे झाली, पण हवा म्हणजे काय ते त्या सकाळी समजले. मी चक्क हात जोडले होते.

मोजायला धाकट्या दिरांची भैरवी बसली. ती कॉलेजात पर्यावरण शिकते. गाडी वजा झाली तेव्हा मी शिरा करायला उठले होते, तोवर बेरीज सुरू झाली. माडीवर दिवसभर एसी. (पुण्याच्या ऑफिसात शंभर जणांत मिळून एक वापरायचा. इथे एकट्यासाठी लावतो आणि गार वाटते म्हणून वर रजई घेतो.) दारात रोज खोके, खोक्यात खोके, त्यात कागद, आणि त्या कागदाच्या पोटात मोबाईलचे कव्हर, जे महाद्वार रोडला चालत जाऊन मिळते. शेवटी मटण निघाले. पूर्वी रविवारीच तांबडा-पांढरा व्हायचा. पोरगं घरात आहे म्हणून बुधवारी सुरू केला, मग शुक्रवारीही. भैरवी म्हणाली, "मोठीआई, एसीपेक्षा तुझं पातेलंच जड भरतंय की!"

आमच्या ह्यांनी लगेच उपाय काढला. पिशवीचे दूध बंद. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून ग्लासात देतात तेच प्यायचे. प्लास्टिक नाही, धूर नाही. म्हणून हे रोज संध्याकाळी तिथे जातात ते गाडी काढून! (शिवाय पार्किंग मिळत नाही म्हणून गाडी चालूच ठेवतात.) भैरवीने हिशोबात गाडी धरली, आणि त्यातून मिथेन निघतो म्हणून म्हशीचा ढेकरही धरला. मी कट्ट्यावर जाऊन हे सांगितले, तर म्हैस पिळणारा आकाराम म्हणाला, "वैनी, म्हशीनं ढेकर बी इचारून द्यायचा व्हय?" मी त्याला गप्प केले. पण त्या म्हशीसमोर मात्र बराच वेळ उभी राहिले. ती शांतपणे रवंथ करत होती. तिचा ढेकर, आपला गिझर, माझ्या पातेल्याची वाफ, सगळे वर जाते आणि आभाळ ते वर्षानुवर्षे सांभाळून ठेवते. तक्रार नाही, परत पाठवणे नाही. नंदिनी, एवढ्या मोठ्या घरात आपण किती बेशिस्त पाहुण्यांसारखे राहतो! आयुष्यात पहिल्यांदा मला आभाळाची भीड वाटली.

थोडक्यात, आमचा कार्बन घटला नाही, वाढला. कंपनीला खोटे कळवायचे नाही, अशी सक्त ताकीद मी राजवीरला दिली आहे. तेव्हा त्याने पुण्याला यावे हेच योग्य. तुमची वरची खोली त्याच्यासाठी झाडून ठेव. तिथे एसी लावू देऊ नकोस. मी रडणार वगैरे नाही.

तुझी,
ताई

ता. क. एसी काल उतरवला. माडीवर वाळ्याचे पडदे लावले आहेत. मटण फक्त रविवारी. हे कट्ट्यावर चालत जातात आणि परतताना रिक्षा मागतात. मी देत नाही.

ता. क. कंपनीला उत्तर द्यायला अजून अवकाश आहे. भैरवी तोवर पुन्हा मोजणार आहे.

ता. क. खोलीसाठी राजवीरचा तुला फोन येईल. खोली रिकामी नाही म्हणून सांग. खोटे नको म्हणून वसंतरावांचे अंथरूण आजच वर हलव. जिना चढल्याने गुडघा सुधारतो, असे मी परवाच कुठेसे वाचले.