काचेतला खेकडा

३ ऑगस्ट
नाही डायरी, चूक तुझीच आहे! चार बोटांचं तुझं अंग, अन् मलेच म्हणतं नीट लिही? माझ्या कादंबरीत तिघं एकाच वेळी बोलतेत — बाप, भाऊ, पोरगी. पोरीनं कामाले नागपूरले जावं का, यावर. तीन रकाने, बाजूबाजूनं. लॅपटॉपवर दोनच मावतेत. दरवेळी पोरगीच बाहेर पडते!
मले मोठा मॉनिटर पाहिजे. बस्स.

५ ऑगस्ट
गोंदियाले जाऊन आली. भाव ऐकून दुकानदार गुलाबचंदशी भांडलीच. एवढाच टीव्ही स्वस्त, मग हा काऊन नाही?
"बहनजी, टीव्ही दूर से देखते हो. ये नाक के सामने. ठिपके बारीक पाहिजेत, लय जास्त पाहिजेत. अन् काच अख्खी एक. एक दाग आला की पूरी काच गई. ऊपर से लेनेवाले कितने?"
लेनेवाले कितने! माझ्या कादंबरीलेही हेच विचारतेत. विचारा!

६ ऑगस्ट
भाऊ, भूपेंद्रदादा — "एका वेळी एकानं बोलावं ना! छोट्या पडद्यावर मावते मंग."
आपल्या घरात असं कधी झालं? मी हे म्हणेपर्यंत तो उठून गेला.

११ ऑगस्ट
बाबानं यंदा मधातला धुरा, मातीचा बांध, फोडून धानाच्या दोन बांध्यांची एक केली — ट्रॅक्टर सरळ फिरावा म्हणून. आज पाहतेत तर धान कोरडा! खेकड्यानं एक भोक पाडलं, अख्ख्या बांधीचं पाणी नाल्यात. धुरा असता तर अर्धं वाचलं असतं.
मले हसू फुटलं. "बाबा, मोठ्या काचेचं बी असंच असते."
"काचेत खेकडा कुठून आला वं?"
लय बोलणी खाल्ली. पण मोठी काच पाहिजेच कायले?

१४ ऑगस्ट
गावातल्या टिंकूचं नेट कॅफे बंद पडलं. तिथले तीन जुने लहान मॉनिटर आणले. "घेऊन जा ताई, पाली राहतेत त्यात."
जोडले! एकेकाले एकेक पडदा. मधात काळ्या कडा — धुरेच! बापाचं वाक्य कडेपाशी तुटते अन् पोरीच्या पडद्यावर पाझरते. पोरगी मधात. आता पाडून दाखवा बाहेर!

१९ ऑगस्ट
नागपूरहून माझ्या नोकरीसाठी परत फोन. सोमवारी कामावर या म्हणतेत. बाबा — "पोळा होऊ दे, मंग पाहू." दादा — "तिथं काय ठेवलं?" मी तोंड उघडलं, तर टीव्हीचा आवाज वाढला.

२४ ऑगस्ट
पोळा झाला. तिन्ही पडदे ओसरीत मांडले, चालू करून. डावीकडं बाबा, उजवीकडं दादा, मधात मी. दोघं झोपूनच आहेत. उठून वाचून होईपर्यंत माझी नागपूरची बस साकोलीच्या पुढं गेली असन.
तू बी काही बोलू नको. चालली.