वैशूच्या पेटीतली जपानी पुस्तकं

वलगाव, अखजीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळ

या जपानी लेखकाले कोणी रडाले शिकवलं नाही काय? सुरुवातीची दोन बारकी पुस्तकं आहेत म्हणे त्याची, मराठीत केलेली. माही नात वैशू अकोल्याले शिकत होती, तिथंच तापानं गेली. तिच्या पेटीत ही पुस्तकं निघाली. मी चौथी शिकलेली. मेथीच्या जुड्या बांधून झाल्या का बोट ठेवून एक पान वाचून होते.

आधी दुसरं वाचलं, मंग पहिलं. काही बिघडलं नाही. दोन्हीत तेच. पोरगी मरते, दोस्त निघून जाते, न् हा पोरगा बसून बीअर पेते. कोणाले काही विचारत नाही.

आज सुधाकरले, माह्या लेकाले, म्हटलं, "तुह्या पोरीनं कावून वाचलं असन रे हे?"

"माय, मोटर पाहून येतो."

विहिरीत पाणी नाही न् हा मोटर पाहाले गेला. वर्ष झालं, पोरीचं नाव निघालं का याची मोटर. मंग वाटलं, त्या बीअरवाल्याले मी उगाच शिव्या दिल्या. तोही आतून रडतच असन.

उद्या अखजी, अक्षय तृतीया. गेलेल्याची घागर भरताना नाव मोठ्यानं घ्या लागते. माही जाऊ म्हणते, बिनलग्नाच्या पोरीची घागर भरत नाहीत. तिले काय करायचं? मी भरीन. भरताना विचारीन, "कोणाची घागर?" सुनेनं मधात तोंड घालू नये. बापानंच सांगावं.