पळी एकच हाय

आप्पा, या चातुर्मासात मी कोल्हापुरातल्या पाच हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत शिरून आले. आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गातल्या अकराजणी इतक्या वर्षांनी एकत्र जेवणार होत्या आणि जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निम्म्या म्हणाल्या, तांबडा-पांढरा रस्सा नसेल तर आम्ही आपल्या घरीच बऱ्या. मला मात्र कांदा-लसूण चालणार नव्हता. दोन्ही मिळेल असं ठिकाण शोधताना मी अगदी तुमच्यासारखी थेट आत जायची. जयसिंगपूरच्या पेठेत तुम्ही गुळाची ढेप नाकाशी नेल्याशिवाय सौदा करत नव्हता. मी पातेल्यांवरची झाकणं उचलून वास घेतला. "पावणं, वरणाची पळी कुठली?" हे तर तुमचंच वाक्य. एक आचारी वैतागून म्हणाला, "बाई, जेवायला आलाय का धाड घालायला?" प्रत्येकजण पळी वेगळी असल्याचं शपथेवर सांगायचा. मला एकाचंही खरं वाटलं नाही.

शेवटी पाचवं हॉटेल ठरवलं आणि पहिला फोन तिला केला. कसबा बावड्याची, बौद्ध घरातली माझी मैत्रीण, शाळेत आठ वर्षं माझ्या बाकावर बसलेली. खरं सांगायचं तर बाकी कुणी आलं नसतं तरी चाललं असतं, ती यायला हवी होती. "तू ठरवलंस म्हणजे आत जाऊन बघून आली असशील," ती म्हणाली. मी हो म्हणाले. "काय बघितलंस गं? पळी, का माणसं?" मी जेवणाची वेळ सांगितली. "बघते, जमलं तर येते," म्हणून तिनं फोन ठेवला.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. नव्वद सालानंतरचा एक उन्हाळा. ती मुख्याध्यापिका झाली म्हणून आपल्या सगळ्या घराला जेवायला नेते. तुमच्यासाठी मुद्दाम शुद्ध शाकाहारी पाटीचं हॉटेल शोधलेलं. ताटं येतात. ती हौसेनं वाढप्याच्या हातातून भांडं घेते आणि वरणाची पहिली वाटी स्वतः तुमच्या ताटात ठेवते. तुम्ही वाटीकडे बघता, उठून स्वयंपाकघरात जाता, बाहेर येता आणि म्हणता, "उठा. पळी एकच हाय. कांद्याची पळी वरणात बुडवत्यात." आई उठली. मीही उठले. ती भांडं धरून तशीच उभी राहिली. घरी येऊन आईनं घाईघाईनं थालीपिठं लावली. चातुर्मास नव्हता, त्यात कांदा होता. तुम्ही दोन खाल्लीत.

परवाच्या जेवणाला मी वेळेआधी पोचले, तर ती माझ्याही आधी आलेली. हॉटेलच्या स्वयंपाकघरातूनच बाहेर येत होती. माझ्यासमोर एक स्टीलचा डबा ठेवून म्हणाली, "उठू नकोस. इथं पळी एकच हाय, मी बघून आलेय. दुपारच्या गर्दीत कोण वेगळी ठेवतंय? तुझा वरणभात मी घरनं आणलाय. कांदा नाही, लसूण नाही." लहानपणी तिच्या डब्यातलं पिठलं खाल्लं म्हणून तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. बाकीच्या जमून त्यांची ताटं आली, तेव्हा मी भात कालवला आणि तोंडात घालण्याआधी घास नाकाशी नेला. पाच हॉटेलांत लागलेली सवय, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण तिनं पाहिलं. "आले गं बाई, तुझे आप्पा आले जेवायला," ती हसून म्हणाली. हसत होती, पण तिचा हात झाकणाकडे गेला होता. मी डबा डाव्या हातानं घट्ट धरला आणि रिकामा होईपर्यंत सोडला नाही. ती माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती.

डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय, तो घेऊन उद्या बावड्याला जाईन. हे पत्र मात्र कुठं जाणार नाही, तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही. तुम्ही त्या दिवशी पळीमुळे उठलात की तिच्यामुळे, हे विचारायला लिहायला बसले होते. आता विचारत नाही. मला ते त्याच दुपारी कळलं होतं, आप्पा. थालीपिठं मीही दोन खाल्ली होती.