श्रीच्या पोटातली रेघ

मंगळवार, संध्याकाळ

राजूरला गणपतीला जाऊन आले. मंदिराच्या रस्त्यावर फ्लेक्सच्या नव्या दुकानाचा बॅनर लागलाय. मालकाचं नाव कुठंच न्हाई. अक्षरं मात्र माझी! तिरपी, नुसत्या कडांची, आतून पोकळ. लग्नपत्रिकांसाठी मी स्वतः काढलेली.

अशा पोकळ अक्षरांत जोडावर रेघा एकमेकींवर चढतात, त्या पुसाव्या लागतात. पण ‘श्री’च्या पोटातली एक बारीक रेघ मी मुद्दाम ठेवते. बाळाला तीट लावतात ना, तशी. दृष्ट लागू नये म्हणून. गिऱ्हाइकाला ती कधी दिसलीसुद्धा न्हाई.

दुकानात येऊन भागीदाराला, ज्ञानोबाभाऊंना, सांगितलं. म्हणाले, “आपल्या एखाद्या पत्रिकेवरून उचलली असतील कोणी. उगंच शक करून राह्यल्या ताई तुम्ही.”

असंल बुवा. पण मंग रेघ? मी बॅनरच्या अगदी जवळ जाऊन बघितलं होतं. त्यावरच्या ‘श्री’चं पोट बिलकुल साफ. तिऱ्हाइतानं उचललं असतं तर रेघेसकट उचललं असतं.

ती रेघ आजवर एकाच माणसाला खुपली. दर पत्रिकेला भाऊ म्हणायचे, “ताई, पुसून टाका ना ती.”

पुसली शेवटी, त्यांनीच.