डाव्या कानाने दिलेला होकार

ताई,

वाकून नमस्कार. उजवीकडे जरा जास्तच वाकले आहे, ती आठवडाभराची सवय. कारण ओघात येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला गेला, की अजून ते खोकून तुझ्या बोलण्यात विरामचिन्हं देतात? सगळं सविस्तर कळव, पण आधी माझं भांडण ऐकून घे.

रविवारी फोनवर मी पोहणं सोडायला 'हो' म्हणाले, असं तू माझ्या मुलाला सांगितलंस. त्याने लगेच माझा तलावाचा पास उचलून आपल्या कपाटात टायांच्या मागे ठेवला. (टाय तो कधीच वापरत नाही. म्हणजे जागा कायमची निवडली आहे.) ताई, तो होकार मी डाव्या कानाने दिला होता. तो धरायचा नाही.

तू हसशील, म्हणून नीट सांगते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमच्या हेडफोनला एकच वाटी असायची आणि ती माझ्या उजव्या कानावर. नोकरी सगळी त्या कानाने केली. डावा कान मोकळा असायचा, तो शेजारच्या बोर्डावरच्या बाईसाठी. तिची सासू, तिची जाऊ, तिच्या जावेची शिवणयंत्रं, सगळं त्या कानात यायचं आणि मी काम न थांबवता 'हं', 'हो ना', 'बरोबर आहे तुझं' म्हणत राहायची. त्या कानाने आलेलं मनावर घ्यायची मला सवयच नाही. आणि रविवारी उजव्या कानात पाणी होतं. तू तासभर बोललीस, मी तुला तासभर 'हो ना' म्हटलं. इतकी मनमोकळी साथ मी तुला जन्मात दिलेली नाही, तेव्हाच तुला संशय यायला हवा होता.

पाणी कसं गेलं म्हणतेस? (म्हणाली असशीलच, पण डाव्या कानात.) आमच्या तलावावर शिकवायला एक धिप्पाड मुलगी आहे. गळ्यातली शिट्टी ती जेवतानाही काढत नसावी, म्हणून आम्ही बायका तिला शिट्टीच म्हणतो. तिने मला पाठीवर तरंगायला सांगितलं. मी मान अशी ताठ धरली होती की कॉन्व्हेंटच्या मदरनी बक्षीस दिलं असतं. आपल्याला त्यांनी काय शिकवलं? पाठ सरळ, ओठ मिटून हसायचं, आणि भिजलेली मुलगी म्हणजे शिस्त बिघडलेली मुलगी. शिट्टी ओरडली, "कान जाऊ द्या पाण्यात, आजी! पाणी खात नाही कुणाला!" मी तिची आजी नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि त्या नादात मान सैल सोडली.

ताई, कान पाण्याखाली गेले आणि जग बंद झालं. शिट्टी दिसत होती, गाल फुगलेले दिसत होते, आवाज नाही. छताच्या काचेतून आलेलं ऊन पाण्यावरून उसळून वरच्या पांढऱ्या पत्र्यावर हलत होतं. आणि कुठून तरी अगदी जवळून, संथ, जाड ठोके ऐकू येऊ लागले. मला वाटलं पंप असेल. पंप नव्हता, मी होते. जन्मभर मी याला त्याच्याशी जोडून दिलं आणि बाजूला झाले. या लाइनवर पहिल्यांदाच दुसरं कुणी नव्हतं. माझं एवढं वजन (तुला ठाऊक आहे किती, सांगत फिरू नकोस) खाली काही नसताना वर राहिलं होतं. मी घाबरले नाही. मी थक्क झाले. देवळात गेल्यावर लोकांना जे व्हावं असं सांगतात आणि मला कधी झालं नाही, ते मला क्लोरीनच्या वासात झालं.

बाहेर आले तर उजवा कान भरलेला. मग घरोघरचं शहाणपण सुरू झालं. मुलगा म्हणाला, एका पायावर उड्या मार. मारल्या. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. त्यांच्या खुर्चीतला माणूस दचकून यंत्रासकट हलला होता म्हणे. सुनेने केस वाळवायचं यंत्र लांबून धरलं. कान कोरडा झाला नाही, डोक्याची उजवी बाजू मात्र एखाद्या समारंभाला निघाल्यासारखी फुगली. समोरच्या निवृत्त बँक मॅनेजरनी नाक दाबून फुंकायला सांगितलं आणि स्वतः करून दाखवताना त्यांचीच कवळी उडाली. (कुणाला सांगू नका म्हणाले होते. तू लांब आहेस, म्हणून सांगते.) शेवटी कानाच्या डॉक्टरीण बाई आत डोकावल्या, कान छान आहे म्हणाल्या, काड्या घालू नका, त्या कुशीवर पडा, येईल. मी पडले. ते आलं नाही. चालताना आत डबक् डबक् व्हायचं, आणि खरं सांगू, मला तो पाहुणा आवडायला लागला होता.

काल जेवणानंतर मुलाने मला टेबलाशी बसवून भाषण दिलं. या वयात, आई. पाय घसरला तर, आई. मावशीलाही पटलंय, तूच हो म्हणालीस. मी उजवा गाल तळहातावर टेकवून डाव्या कानाने ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. आणि मला जांभई आली. चांगली, जबडा मोडेल अशी, मदरना भोवळ आणणारी जांभई. आत काहीतरी टचकन सुटलं आणि ऊन ऊन पाणी तळहातावर आलं. ताई, एवढंसं पाणी! एवढ्याशा थेंबाने माझं अर्धं जग अडवून धरलं होतं! फ्रीज गुणगुणत होता, सुनेच्या बांगड्या वाजत होत्या, नळ ठिबकत होता, आणि या सगळ्याच्या मधोमध माझ्या मुलाचा आवाज आला, उजव्या कानात.

तो रागावलेला नव्हता. हा आवाज मी ओळखते. दवाखान्याचा नंबर मागणारी माणसं अशी बोलायची, भराभर, वरच्या पट्टीत, आणि वाक्याच्या शेवटी श्वास कमी पडलेला. आठवडाभर मला वाटत होतं, पोरगा हुकूम सोडतोय. तो घाबरला होता गं. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माझा मुलगा, आई बुडेल म्हणून.

मी पास मागितला नाही. एवढंच म्हटलं, उद्या तू चल, काठावर बैस. आज सकाळी तो पास स्वतःच्या खिशात घालून आला. टॉवेल छातीशी धरून बसला होता, जणू मीच त्यात गुंडाळलेली आहे. मी तरंगले. घरी आल्यावर त्याने पास परत टायांमागे न ठेवता दाराजवळच्या खुंटीला लावला.

तेव्हा तो होकार मी मागे घेतला आहे. भाओजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. तुझ्या लेकीचा आत्ताच निरोप आला: मावशी, बोका न्यायला कधी येतेस? कोणता बोका? रविवारी मी आणखी कशाकशाला हो म्हणाले, ते सगळं लगेच लिहून पाठव.

ता. क. बोका पाठवायचाच असेल तर पाठव, पण तो घेऊन तूच ये. गुडघ्यांवर पाण्यात भार पडत नाही, शिट्टीला मी तुझ्याबद्दल सांगून ठेवलं आहे. मीही काठावर टॉवेल घेऊन बसेन.

ता. क. 'नाही' म्हणायचं असेल तर फोन कर. डाव्या कानाला धरीन.